फुकट जागेची किंमत

शहरांतील रस्ता सर्वांचा, हें कोणी नाकारीत नाहीं. परंतु त्याचा एक तुकडा मोटार उभी करून दिवसभर अडवून ठेवण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न मोटारीबरोबरच जन्मास आला. अमेरिकेंतील ओक्लाहोमा सिटीच्या पेठेंत त्यास एक रोकडें उत्तर मिळालें.

तेथील कचेऱ्यांतून व दुकानांतून काम करणारे लोक सकाळींच आपल्या मोटारी रस्त्याच्या कडेस उभ्या करीत. त्या संध्याकाळपर्यंत हलत नसत. गिऱ्हाइकांस जागा मिळेना, व्यापाऱ्यांची कुरकुर वाढली. तेव्हां कार्ल मॅगी या वृत्तपत्रसंपादकानें नाणें टाकतांच वेळ मोजूं लागणाऱ्या यंत्राची कल्पना पुढें मांडली, आणि १६ जुलै १९३५ रोजीं पहिला पार्किंग मीटर उभा राहिला. दर तासाला पांच सेंट! एवढ्या अल्प मोलानेंहि दिवसभर जागा अडवणें महाग झालें.

परंतु पुष्कळ शहरांस दुसरीच वाट सोपी वाटली. मोटारधारकाकडून पैसे घेण्याऐवजीं इमारत बांधणाऱ्यावरच मोटारींसाठीं जागा राखण्याची सक्ती करावयाची. कोलंबस शहरानें १९२३ सालीं बहुबिऱ्हाडी इमारतींस, तर फ्रेस्नोनें १९३९ सालीं हॉटेलांस व रुग्णालयांस हें बंधन घातलें. दुसऱ्या महायुद्धानंतर तें देशभर पसरलें. वरकरणी ही सोयच दिसते. पण ये-जा करण्याची वाट धरून एका मोटारीस सुमारें ३०० चौरस फूट, म्हणजे एका लहानशा बिऱ्हाडाएवढी, जागा लागते. तिचा खर्च घरभाड्यांत व मालाच्या किंमतींत मुरतो, आणि ज्याच्याजवळ मोटार नाहीं तोहि तो भरतो. शिवाय इमारती एकमेकींपासून दूर गेल्या, पायीं चालणें जिकिरीचें झालें. जो नियम मोटारींच्या सोयीसाठीं केला, त्यानेंच मोटार बाळगणें भाग पाडलें!

डोनाल्ड शूप या प्राध्यापकानें २००५ सालीं आपल्या ग्रंथांत हा हिशेब सविस्तर मांडला. त्यापूर्वींच, १९९३ सालीं, पॅसाडीना शहरानें जुन्या पेठेंत मीटर बसवून त्यांचें उत्पन्न तेथीलच पदपथांच्या सुधारणेस लावलें होतें. बफलो शहरानें २०१७ सालीं जुनी सक्ती रद्द केली.

फुकट जागेचेंहि मोल कोणी तरी भरीतच असतो. तें मोटारवाल्यानें भरावें कीं शेजारून पायीं जाणाऱ्यानें, एवढेंच शहरास ठरवावयाचें असतें.