जळलेल्या वस्तीतलं तीन टन भंगार

लहानपणी आमच्या गल्लीत दर रविवारी भंगारवाला यायचा. त्याची आरोळी ऐकू आली की आई म्हणायची, "कामाचं नाही ते काढ बाहेर." पण कामाचं नाही हे ठरवायचं कोणी? हा प्रश्न मला खूप उशिरा पडला, लॉस एंजेलिसमधल्या वॉट्स या वस्तीची गोष्ट वाचताना. आज तीच सांगतो.

आधी एक शब्द. सापडलेल्या, टाकून दिलेल्या वस्तू जोडून केलेल्या कलाकृतीला ‘असेम्ब्लाज’ म्हणतात. शब्द फ्रेंच. १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने या कलेचं मोठं प्रदर्शन भरवलं आणि तो सगळीकडे रुळला.

वॉट्समध्ये मात्र हे काम त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होतं. सायमन रोडिया हा इटलीहून आलेला मजूर १९२१ पासून १९५४ पर्यंत एकटाच मनोरे बांधत होता. आत लोखंड, त्यावर सिमेंट, आणि सिमेंटमध्ये रोवलेल्या फुटक्या बाटल्या, फरशांचे तुकडे, शिंपले. सगळ्यात उंच मनोरा जवळपास १०० फूट! महापालिकेने हे बांधकाम धोकादायक ठरवून पाडायला काढलं. लोक आडवे आले. शेवटी १९५९ मध्ये चाचणी झाली. मनोऱ्याला आडवा १०,००० पौंडांचा ताण दिला. मनोरा उभाच राहिला, ताण देणारी यंत्रणाच वाकली.

त्याच मनोऱ्यांशेजारी १९६४ मध्ये एक कला केंद्र सुरू झालं. चालवणाऱ्यांत होते नोआ प्युरिफॉय. जन्म १९१७, अलाबामा. आधी समाजकार्य केलेलं, कलेची पदवी घेतली तेव्हा चाळिशीला टेकलेले. वस्तीतल्या पोरांना कला शिकवायची, एवढाच बेत होता.

मग ११ ऑगस्ट १९६५ उजाडला. पोलिसांनी एका कृष्णवर्णीय तरुणाची गाडी अडवली. बाचाबाची झाली, गर्दी जमली, आणि वर्षानुवर्षांचा राग बाहेर पडला. बेकारी, खराब घरं, पोलिसांची दंडेली, सगळ्याचा. सहा दिवस वॉट्स धुमसत होतं. ३४ माणसं गेली, हजारावर जखमी झाली.

आणि प्युरिफॉय काय करत होते? राख अजून गरम असतानाच ते आणि त्यांचे सहकारी जडसन पॉवेल ढिगाऱ्यांतून वस्तू वेचत होते. जळकी लाकडं, वाकलेलं लोखंड, दुकानांच्या निऑन पाट्यांचे वितळून घट्ट झालेले गोळे. असं तब्बल तीन टन भंगार जमलं! या सामानाचं करायचं काय, हे त्यांनाही लगेच सुचलं नाही. पुढे आणखी काही कलाकार सोबत आले आणि १९६६ मध्ये वॉट्समधल्याच एका शाळेत प्रदर्शन उभं राहिलं: ‘सिक्स्टी-सिक्स साइन्स ऑफ निऑन’. नंतर ते अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी फिरलं.

मला इथे एक गोष्ट महत्त्वाची वाटते. बातम्यांमध्ये वॉट्स म्हणजे आग आणि लुटालूट. प्रदर्शनात समोर होती ती त्याच आगीतून उरलेली वस्तू. कोणाच्या तरी दुकानाची पाटी, कोणाच्या तरी घराचं लाकूड. इथे माणसं राहत होती, हे त्या वस्तूकडे बघून नाकारता येत नव्हतं. प्युरिफॉयना कलेतून माणसामाणसांत संवाद हवा होता, सुंदर वस्तू हा त्यांचा शेवटचा मुक्काम नव्हताच.

त्या कलाकृतींपैकी फार थोड्या आज शिल्लक आहेत. बऱ्याच परत भंगारातच गेल्या.

१९८९ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, प्युरिफॉय जोशुआ ट्रीच्या वाळवंटात राहायला गेले. तिथे दहा एकरांवर त्यांनी उघड्यावरचं संग्रहालय उभं केलं, तेही भंगारातूनच. त्यातल्या एका कामात पाणी प्यायच्या नळावर ‘गोऱ्यांसाठी’ असं लिहिलंय आणि शेजारच्या संडासाच्या भांड्यावर ‘काळ्यांसाठी’. पाण्यावरून माणसं वेगळी काढणं म्हणजे काय, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

२००४ मध्ये राहत्या घराला लागलेल्या आगीत प्युरिफॉय गेले. वाळवंटातली कामं ऊन-वारा खात अजून उभी आहेत, गंजतायत, झिजतायत. जाऊन बघता येतात.

आता भंगारवाल्याची आरोळी आली की मी वस्तू हातात घेऊन क्षणभर थांबतो. आई अजूनही ओरडतेच! भेटू पुढच्या भागात.