तुरुंगाच्या आवारातलं आंदोलन : बंगळुरूच्या फ्रीडम पार्कची वाटचाल

२६ जून १९७५ च्या सकाळी अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी आणि आपल्या राजापूरचे खासदार मधू दंडवते बंगळुरूत होते. पक्षांतरबंदी विधेयकावर नेमलेल्या संयुक्त संसदीय समितीच्या बैठकीसाठी ते आले होते आणि आमदार निवासात उतरले होते. आदल्या रात्री आणीबाणी पुकारली गेली होती. पोलीस दारात आले आणि या मंडळींची रवानगी शहराच्या मध्यभागातल्या सेंट्रल जेलमध्ये झाली. दंडवत्यांच्या तुरुंगवासाचा मोठा काळ इथेच गेला. त्यांच्या पत्नी प्रमिलाताईंनाही अटक झाली, त्यांना येरवड्यात ठेवलं गेलं, आणि नवरा-बायकोचा संवाद दोन राज्यांतल्या दोन तुरुंगांमध्ये पत्रांवर चालू राहिला. 'संस्कार' या कन्नड चित्रपटातली अभिनेत्री स्नेहलता रेड्डी याच तुरुंगात होत्या. दम्याने त्या इथे झिजल्या आणि सुटकेनंतर काही दिवसांतच, २० जानेवारी १९७७ रोजी गेल्या.

त्या तुरुंगाच्या जागी आज फ्रीडम पार्क आहे. बंगळुरूत सरकारविरुद्ध घोषणा द्यायची असेल, तर ती द्यायला कायद्याने मोकळी ठेवलेली जागा सध्या तेवढीच.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, इंग्रजी अमदानीत बांधलेला हा तुरुंग सुमारे २१ एकरांवर पसरलेला होता. शहर वाढलं, तुरुंग ऐन बाजाराच्या आणि कॉलेजांच्या गराड्यात सापडला. शेवटी कैदी परप्पन अग्रहारच्या नव्या कारागृहात हलवले गेले. मोकळ्या झालेल्या जमिनीवर व्यापारी संकुल उभं राहिलं असतं तर कुणाला आश्चर्य वाटलं नसतं. तसं झालं नाही, हे बंगळुरूकरांचं आणि तेव्हाच्या पालिकेचं श्रेय. स्पर्धा ठेवून आराखडा निवडला गेला, मॅथ्यू अँड घोष या वास्तुरचनाकारांचा. त्यांनी तुरुंग पुसून टाकला नाही. मधला टेहळणी मनोरा ठेवला, चाकाच्या आऱ्यांसारख्या त्याच्याकडे धावणाऱ्या बराकींपैकी काही ठेवल्या, बाकीच्यांच्या खुणा जमिनीवर राखल्या. मनोऱ्याच्या पायथ्याशी उभं राहिलं की बांधणीमागचा हेतू लगेच कळतो: एका पहारेकऱ्याला एका जागेवरून सगळे दिसावेत, आणि आतल्यांनी कायम आपण पाहिले जात आहोत या जाणिवेत राहावं. उद्यानाचा एक भाग निदर्शनांसाठी राखून नोव्हेंबर २००८ मध्ये ते लोकांना खुलं झालं.

या गोष्टीला दुसराही एक धागा आहे, घराच्या सुरक्षिततेचा. त्याच महिन्याच्या अखेरीस मुंबईत, कुलाब्याच्या नरिमन हाउसमध्ये, तिथलं छबाड हाउस हे ज्यू केंद्र चालवणारे रब्बी गॅव्रिएल होल्ट्झबर्ग, त्यांची पत्नी रिव्का आणि त्यांच्याकडे आलेले पाहुणे दहशतवादी हल्ल्यात मारले गेले. कोकणातल्या बेने इस्रायलींना शेजाऱ्यांनी 'शनिवार तेली' म्हणून शतकानुशतकं आपल्यात सामावून घेतलं होतं. भायखळ्याच्या मागेन डेव्हिड सिनेगॉगच्या अवतीभवती मुसलमान वस्ती आहे आणि त्या आवारातल्या ज्यू शाळेत मुसलमान मुलं शिकत आली आहेत. अशा देशात ज्यू म्हणून घरात शिरून माणसं मारली जाणं, हे बाहेरून आलेलं होतं. तेव्हापासून मुंबई-ठाण्या-पुण्याच्या सिनेगॉगांपुढे पोलीस बसलेला दिसतो. बंगळुरूत ज्यू वस्ती अशी कधी नव्हतीच. मोजकी कुटुंबं, म्हैसूर रोडवरची लहानशी दफनभूमी, कमर्शियल स्ट्रीटवरच्या रुबिन मोझेस यांच्या दुकानाची आठवण, आणि नाझी जर्मनीतून परागंदा झालेले भौतिकशास्त्रज्ञ माक्स बॉर्न १९३५-३६ मध्ये सी. व्ही. रामन यांच्या निमंत्रणावरून टाटा इन्स्टिट्यूटमध्ये (आजच्या भारतीय विज्ञान संस्थेत) राहून गेले तो काळ, एवढाच तो इतिहास.

तरीही फ्रीडम पार्कची गोष्ट सांगताना ज्यू वस्त्यांचा विषय मला टाळता येत नाही. निदर्शनाचा हक्क आणि घराची सुरक्षितता यांची ओढाताण जगात सगळ्यात टोकाला गेली ती ज्यू वस्त्यांच्या दाराशी. बंगळुरूने या ओढाताणीवर काढलेलं उत्तर आणि तिथे निघालेलं उत्तर एकमेकांशेजारी ठेवल्याशिवाय आपलं कुठे चुकतंय ते दिसत नाही.

पहिली काही वर्षं फ्रीडम पार्क हा अनेक जागांपैकी एक होता. टाउन हॉलच्या पायऱ्या, म्हैसूर बँक सर्कल, मौर्य सर्कलजवळचा गांधीजींचा पुतळा इथेही माणसं जमत. २०११ मध्ये राळेगणसिद्धीच्या अण्णांच्या उपोषणाला पाठिंबा द्यायला बंगळुरूचे आयटीवाले याच उद्यानात मेणबत्त्या घेऊन बसले. डिसेंबर २०१९ मध्ये चित्र पालटलं. नागरिकत्व कायद्याविरोधातली निदर्शनं होऊ घातली होती आणि पोलीस आयुक्तांनी शहरभर १४४ कलम लावलं. टाउन हॉलपुढे पत्रकारांशी बोलत असलेले इतिहासकार रामचंद्र गुहा यांना पोलिसांनी धरून नेलं, ते दृश्य देशाने टीव्हीवर पाहिलं. फेब्रुवारी २०२० मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ती जमावबंदी बेकायदा ठरवली. त्या खंडपीठावर मुख्य न्यायमूर्ती होते आपले ठाण्याचे अभय ओक.

पण याच न्यायालयाने २०२१ मध्ये मोर्च्यांमुळे होणाऱ्या वाहतूक कोंडीची स्वतःहून दखल घेतली. रुग्णवाहिका अडकतात, परीक्षेला निघालेली मुलं अडकतात, या तक्रारी खोट्या नव्हत्या. त्यातून सरकारने निदर्शनांच्या परवान्याचा आणि नियमनाचा आदेश काढला आणि २०२२ पासून निदर्शन म्हणजे फ्रीडम पार्क, बाकी कुठेही नाही, असा नियम झाला. जी जागा हक्काची खूण म्हणून उभी राहिली होती, ती हक्काची हद्द झाली.

इथे थोडं थांबून आंदोलकांच्या बाजूने पाहिलं पाहिजे, कारण पार्कामुळे काहीच साधत नाही असं म्हणणं अन्याय ठरेल. ७ जानेवारी २०२५ ला राज्यभरातल्या आशा कार्यकर्त्या इथे येऊन बसल्या. गुलाबी साड्यांची रांगच्या रांग, थंडीत उघड्यावर काढलेल्या रात्री, पिशवीत बांधून आणलेल्या भाकऱ्या. मागणी महिन्याला १५,००० रुपयांची होती. चौथ्या दिवशी सरकारने १०,००० रुपयांचं आश्वासन दिलं आणि त्या उठल्या. त्याच वर्षी देवनहळ्ळीचे शेतकरी इथे आले. चन्नरायपट्टण भागातली १,७७७ एकर जमीन उद्योगांसाठी घ्यायला त्यांचा तीन वर्षांहून अधिक काळ विरोध होता. त्यांना आधी गावाकडे पोलिसांनी उचललं होतं. पार्कात ते टिकून बसले आणि १५ जुलै २०२५ ला सरकारने भूसंपादन सोडून दिलं. सरकार ऐकायच्या मनःस्थितीत असेल तर कुंपणाच्या आतला आवाजही पोचतो. ऐकायचं नसेल तेव्हा मात्र आंदोलन कुणाच्या दृष्टीसच पडत नाही, आणि मग ते झालं काय न झालं काय सारखंच. ऑक्टोबर २०२३ मध्ये गाझातल्या युद्धाविरोधात एम. जी. रोडवर शांतपणे फलक धरणाऱ्यांवर गुन्हा नोंदला गेला. तिथे ना ज्यू वस्ती होती, ना सिनेगॉग, ना कुणाचं घर. फक्त जागा चुकली होती.

आता दुसरीकडे पाहू. १९७७ मध्ये शिकागोजवळच्या स्कोकी या गावात अमेरिकी नाझींनी मोर्चा काढायचं जाहीर केलं. सुमारे सत्तर हजार वस्तीच्या त्या गावात निम्म्याहून जास्त लोक ज्यू, आणि त्यात छळछावण्यांतून वाचलेली कित्येक हजार माणसं. स्वस्तिकाचा गणवेश त्यांच्या गल्लीतून जाणार होता. मोर्चाच्या हक्काच्या बाजूने न्यायालयात उभ्या राहिलेल्या नागरी हक्क संघटनेचे प्रमुख आर्ये नायर स्वतः बर्लिनमध्ये जन्मलेले ज्यू निर्वासित होते. त्या भूमिकेपायी संघटनेचे हजारो सभासद सोडून गेले. न्यायालयांनी हक्क मान्य केला. नाझी मात्र शेवटी स्कोकीत आलेच नाहीत, शिकागोत जाऊन घोषणा देऊन परतले. पुढे १९८८ मध्ये अमेरिकेच्याच सर्वोच्च न्यायालयाने एका डॉक्टरच्या घराबाहेर ठाण मांडणाऱ्यांचं प्रकरण ऐकलं आणि एका विशिष्ट घराला लक्ष्य करून त्याच्या दारात निदर्शन करण्याला बंदी घालता येते असं ठरवलं. या दोन निकालांना मी फार मानतो. गावात बोलायला मोकळीक, माणसाच्या उंबऱ्यावर नाही.

ऑक्टोबर २०२३ नंतर हाच प्रश्न कॅनडात आला. टोरोंटोलगतच्या वॉन शहरात, थॉर्नहिलच्या ज्यू वस्तीत सिनेगॉगबाहेर निदर्शनं झाली. मार्च २०२४ मधल्या त्या प्रसंगानंतर वॉनने प्रार्थनास्थळं, शाळा अशा जागांपासून १०० मीटरच्या आत भीती घालणाऱ्या निदर्शनांना मनाई केली. टोरोंटोने मे २०२५ मध्ये ५० मीटरचं वर्तुळ ठरवलं, तेही जी संस्था अर्ज करेल तिच्याभोवतीच. नागरी हक्कवाल्यांनी याला विरोध केला. त्यांची भीती मला समजते, कारण वर्तुळं एकदा आखली की फुगत जातात. पण २ ऑक्टोबर २०२५ ला मँचेस्टरच्या हीटन पार्क सिनेगॉगवर, योम किप्पूरच्या दिवशी, हल्ला झाला आणि दोन माणसं गेली. तो हल्ला होता, निदर्शन नव्हे; तरी त्यानंतर सिनेगॉगच्या दारात जमलेल्या जमावाकडे आत प्रार्थना करणारं म्हातारं माणूस कोणत्या नजरेने बघेल, ते सांगायला नको. पॅलेस्टिनी बाळांसाठी रडणाऱ्याला रस्ता मिळालाच पाहिजे. इस्रायल सरकारच्या कृत्याचा जाब त्याने सरकारला, वकिलातीला विचारावा. शेजारच्या ज्यू कुटुंबाला विचारू नये.

बंगळुरूचा नकाशा सांगतो, इथेच बोला. टोरोंटोचा सांगतो, इथे सोडून कुठेही बोला. दुसरा नकाशा हक्काच्या जास्त जवळचा आहे, हे माझं स्पष्ट मत. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २३ जुलै २०१८ च्या निकालात दिल्लीत जंतरमंतरवर निदर्शनांना असलेली सरसकट बंदी उठवली होती. रहिवाशांचा गोंगाटाचा त्रास खरा मानला आणि हक्कही राखला, तडजोडीचे नियम करायला पोलिसांना सांगितलं. शाहीनबागेच्या प्रकरणात ७ ऑक्टोबर २०२० ला त्याच न्यायालयाचा कल ठरवून दिलेल्या जागांकडे गेला, आणि तेव्हापासून प्रशासनांना तोच निकाल सोयीचा वाटतो. मुंबईत तर ठरलेली जागाही हमखास मिळत नाही. जुलै २०२५ मध्ये गाझासाठी आझाद मैदान मागणारी डाव्यांची याचिका उच्च न्यायालयाने आधी आपल्या देशाकडे बघा असं सुनावून फेटाळली. सभा ऑगस्टमध्ये झाली, काही बिघडलं नाही.

वस्तीची सुरक्षितता हा विषय बंगळुरूला नवा नाही, हे मात्र विसरता येत नाही. डिसेंबर १९९१ मध्ये कावेरी लवादाचा अंतरिम निवाडा राजपत्रात आला, बंद पुकारला गेला आणि जमाव तमिळ वस्त्यांत शिरला. घरं जळली, माणसं मेली, हजारो लोक राज्य सोडून गेले. ऑगस्ट २०२० मध्ये एका फेसबुक पोस्टवरून जमावाने आमदार अखंड श्रीनिवास मूर्तींचं घर पेटवलं. डिसेंबर २०२१ मध्ये, म्हणजे निदर्शनांचा तो आदेश घडत होता त्याच सुमाराला, सदाशिवनगरातल्या शिवाजी महाराजांच्या पुतळ्यावर शाई फेकली गेली आणि बेळगावात दगडफेक झाली. यातल्या एकाही ठिकाणी 'निदर्शन फक्त पार्कात' या नियमाने कुणाचं दार वाचलं नसतं. घरात शिरणारा जमाव परवाना मागत नाही. तिथे लागतो वेळेवर पोचणारा पोलीस आणि वस्तीभोवती आखलेली स्पष्ट रेघ.

बेळगावच्या मराठी माणसाला या दोन्ही बाजू अंगवळणी आहेत. कर्नाटक विधिमंडळाच्या तिथल्या अधिवेशनाच्या काळात महाराष्ट्र एकीकरण समितीच्या महामेळाव्याला परवानगी नाकारली जाते, डिसेंबर २०२२ मध्ये नेत्यांची धरपकड झाली. त्याच गावात वाद पेटला की मराठी पाटीच्या दुकानदाराला शटर ओढून घ्यावं लागतं. अल्पसंख्य माणसाला रस्त्यावर बोलण्याची मोकळीक आणि रात्री दाराला कडी घालून निर्धास्त झोप, दोन्ही लागतात. यातलं एक घे आणि दुसरं सोड असं त्याला सांगणारा कायदा त्याच्या कामाचा नाही, मग तो थॉर्नहिलचा ज्यू असो की टिळकवाडीचा मराठी.

सप्टेंबर २०२५ पासून बंगळुरूत पाच महानगरपालिका झाल्या आहेत. सव्वा कोटीहून अधिक वस्तीच्या शहराला निदर्शनासाठी जागा मात्र एकच उरली आहे, दंडवते ज्या आवारात कैदेत होते ती. प्रत्येक पालिकेत निदान एक मैदान असावं. परवानगी नाकारली तर कारण लेखी मिळावं. आणि मनाईची रेघ घरं, शाळा, रुग्णालयं आणि सगळ्या धर्मांची प्रार्थनास्थळं यांच्याभोवती ठरावीक मीटरांची असावी, तीही भीती घालणाऱ्या वागणुकीपुरती. २०२१ चा आदेश दुरुस्त करायला विधानसभेची मंजुरीही लागत नाही. तो सरकारचा आदेश आहे, सरकार बदलू शकतं. बंगळुरूतल्या मराठी मंडळांनी ही मागणी आपल्या भागातल्या आमदारांकडे लेखी द्यावी.