चष्म्याविना त्रिमिती: प्रस्तावना

दोन डोळ्यांना किंचित वेगळी चित्रे दिसली की मेंदू त्यांतून खोली उभी करतो, हे चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये आरशांच्या साध्या उपकरणाने दाखवले. चष्मा न लावता ज्या त्या डोळ्याला त्याचे चित्र पोहोचवायचे कसे, हा आपल्या विषयाचा मूळ प्रश्न. फ्रेडरिक आइव्ह्‌ज यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी चित्रापुढे बारीक उभ्या फटींची जाळी धरली. गाब्रिएल लिपमान यांनी १९०८ मध्ये सूक्ष्म भिंगांचा थर सुचवला. कलती केली की चित्र बदलणारी कंगोऱ्यांची फुटपट्टी अनेकांनी शाळेत हाताळली असेल. तिच्यामागचे तत्त्व हेच.

अशा चित्रांतली विकृती मात्र या विषयाच्या जन्मापासूनची आहे. लिपमान यांच्या पद्धतीत खोली उलटी उमटे: नाक आत, कान पुढे. फ्रेडरिक यांचे चिरंजीव हर्बर्ट यांनी १९३१ मध्ये सुचवले, की मिळालेल्या प्रतिमेचेच त्या पद्धतीने पुन्हा छायाचित्र घ्यावे. दुसऱ्यांदा उलटली की खोली सुलट! इतका देखणा उपाय या विषयात मला दुसरा दिसलेला नाही.

आजच्या चुका डोळ्यांना सहज सापडत नाहीत. अर्धा मीटर रुंद पडदा घ्या. त्यावर अर्धा मिलिमीटर रुंदीची हजार उभी भिंगे आहेत. प्रत्येकाची रुंदी गृहीत धरल्यापेक्षा फक्त अर्धा मायक्रॉन जास्त निघाली, तर दुसऱ्या कडेपर्यंत ही तफावत पूर्ण एका भिंगाएवढी होते. मग पडद्याच्या काही भागात डाव्या डोळ्याचे चित्र उजव्याला दिसते, कुठे दुहेरी कडा उमटतात आणि सरळ भिंत वाकल्यासारखी वाटते. भिंगांचा थर चिकटवताना जरा तिरका बसला, तरी असेच घडते.

यावरचा उपाय काचेला हात न लावता करता येतो. ठरावीक रेघांचे चाचणीचित्र पडद्यावर दाखवायचे, पाहणाऱ्याच्या जागेवरून कॅमेऱ्याने टिपायचे, त्यावरून भिंगांची खरी रुंदी, कल आणि सरक काढायची, आणि प्रत्येक उपपिक्सेल (पिक्सेलचा लाल, हिरवा किंवा निळा भाग) कोणत्या दिशेच्या चित्रातला घ्यायचा हे नव्याने ठरवायचे. पाहणारा हलला की हिशेब बदलतो. म्हणून आता डोळ्यांचा मागोवा घेणारे कॅमेरे पडद्यांना जोडतात.

मात्र कॅमेऱ्याने मोजलेली चूक शून्यावर आली म्हणजे काम झाले, हे मला मान्य नाही. डोळ्याचे भिंग पडद्यावर स्थिरावते आणि दोन्ही नजरा मात्र पडद्यापुढच्या बिंदूवर मिळतात; त्यातून येणारा थकवा या दुरुस्तीने जात नाही. पाहणाऱ्या माणसांना विचारल्याविना दुरुस्तीचे मोल ठरवू नये.

त्रिकोणमिती आणि थोडे प्रोग्रॅमिंग येत असेल, तर या अभ्यासात तुमचे मनापासून स्वागत आहे. वर दिलेले हजार भिंगांचे गणित आधी कागदावर स्वतः करून पाहा, मगच पुढच्या प्रकरणाकडे वळा, ही विनंती.