दगडाला जात नव्हती

आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मीच पहिला. कुर्ल्यात इतिहास शिकवतो, आणि दरवर्षी एखादा विद्यार्थी विचारतोच : 'सर, यात आपण कुठे आहोत?'

उत्तर राजांच्या वंशावळीत सापडणार नाही. कुर्ला ज्या साष्टी बेटावर वसले, त्याच बेटावर कांदिवलीला १९३०च्या दशकात टॉड या आरमारी अधिकाऱ्याने अश्मयुगीन हत्यारे शोधली. दगड फोडून धार काढणाऱ्या त्या हातांना जात नव्हती. माणूस श्रमाने माणूस झाला. जात ही फार नंतर, माणसानेच रचलेली व्यवस्था. पुढे कान्हेरीच्या लेण्यांत दाते म्हणून व्यापाऱ्यांबरोबर लोहार-सोनारही कोरले गेले. कष्टकऱ्याचे नाव तेव्हा दगडावर चढू शकत होते.

मग इंग्रजी अमलात १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी कुर्ल्यावरून धावली. १८८६ साली जमशेटजी टाटांनी इथली गिरणी घेऊन तिला 'स्वदेशी' नाव दिले. यंत्र आले, आता जात जाईल असे वाटावे. पण मुंबईच्या गिरण्यांत जास्त मजुरीचे साचाखाते अस्पृश्यांना बंदच राहिले. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि सवर्ण कामगार विटाळ मानत. एकाच मालकाकडून पिळले जाणारे हे दोघे! १९२८च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर ठेवला तो उगाच नव्हे.

विद्यार्थ्याला मी एवढेच सांगतो : आपण आरंभापासून आहोत, जात नाही. जे आरंभी नव्हते, ते अखेरपर्यंत टिकलेच पाहिजे असा कोणताही नियम इतिहासात नाही.