मामीची ग्रामसभा

परवा भाचीच्या लग्नात माइक माझ्याकडे आला आणि जीभ टाळ्याला चिकटली. चारच वाक्यं बोलायची होती, तीही आदल्या रात्री पाठ केलेली. "सगळ्यांना नमस्कार" एवढं म्हटलं आणि माइक शेजारच्या दादाकडे देऊन मोकळी झाले. वय वर्षं ४१! घरच्या मंडळींना यात नवीन काही नाही. शाळेत हजेरी देतानाही माझे कान तापायचे आणि वक्तृत्व स्पर्धेच्या दिवशी हमखास पोट दुखायचं. आता याला सोशल अँग्झायटी म्हणतात. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या आजारांच्या यादीत हा प्रकार १९८० साली शिरला. आपल्याकडे बुजरी, भिडस्त, लाजाळू असे शब्द होते, आणि मुलीच्या बाबतीत तर तो गुणच धरला जायचा.

रात्री कार्यालयाच्या हॉलमध्ये गाद्या पसरल्यावर मोठी मामी शेजारी येऊन आडवी झाली. म्हणाली, "कशाला एवढं मनाला लावून घेतीस? मी तर पहिल्या टायमाला रडले हुते."

पहिला टाइम म्हणजे १९९४ नंतरची एक ग्रामसभा. ती गोष्ट सांगायची तर आधी भूकंपाकडे जावं लागतं.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक नुकते झोपले होते, पहाटेचे चार वाजायला काही मिनिटं कमी. आम्ही तेव्हा उस्मानाबादेत (आताचं धाराशिव) होतो. मी नऊ वर्षांची. भांडी वाजली, आजोबांनी सगळ्यांना अंगणात ओढलं, एवढंच आठवतं. आम्ही वाचलो. पण तिकडे किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं झोपेतच गाडली गेली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून आठ-दहा हजार माणसं गेली. भूकंप मोठा होताच, पण माणसं मारली ती भिंतींनी. दोन-अडीच फूट जाडीच्या, दगड आणि मातीच्या. बाहेरून एक थर, आतून एक थर आणि मधे भर. दोन थरांना बांधून ठेवणारं काही नाही. वर माळवदाची कित्येक टन माती.

पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावं दुसरीकडे वसवली गेली. त्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. त्यामानाने कमी लिहिलं गेलं ते बाकीच्या, भेगा पडलेल्या पण उभ्या राहिलेल्या घरांबद्दल. अशी घरं हजाराहून जास्त गावांत होती, दोन लाखांच्या घरात. सरकारने जागतिक बँकेच्या कर्जातून त्यांच्यासाठी दुरुस्ती आणि मजबुतीकरणाची योजना काढली. मदत हप्त्याहप्त्याने मिळणार आणि काम घरमालकाने स्वतः करून घ्यायचं. कागदावर उत्तम! पण इंजिनिअर मूठभर आणि घरं लाखांनी. भिंतीत आरपार दगड का घालायचा, माळवदावरची माती का कमी करायची, पुढचा हप्ता कशावर अडलाय, हे गावात कुणालाच नीट ठाऊक नव्हतं.

इथे स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था आली. प्रेमा गोपालन ती चालवायच्या (२०२२ साली त्या गेल्या). त्यांनी सुचवलं की सरकार आणि घरं यांच्यामधला दुवा गावातल्या बायकाच होतील. महिला मंडळांमधून निवडलेल्या या बायकांना नाव मिळालं 'संवाद सहायक'.

संवाद! जिला चावडीवरून जाताना पदर कपाळावर ओढायची सवय, जी दिराशीही दाराआडून बोलायची, ती संवाद सहायक. माझी मामी त्यातली एक. तेव्हा तिशीच्या आतली, सातवी शिकलेली, उमरगा तालुक्यातल्या (आता तो भाग लोहाऱ्यात आहे) एका लहान गावात दिलेली.

पहिल्या ग्रामसभेत मामी उठून उभी राहिली. योजना समजावून सांगायची होती. मारुतीच्या देवळापुढे सगळे गडी बसलेले, सासरे पुढच्या ओळीत. तोंड उघडलं तर आवाजच नाही. कुणीतरी फिस्सकन हसलं. खाली बसली ती घरी जाऊन रडली आणि नाव कमी करा म्हणाली. नाव काही कमी झालं नाही. मंडळातल्या दुसरीने सांगितलं, सभेचं नंतर बघू, आधी घरं बघू.

मग दोघी दारोदार गेल्या. एका घरात सासू, एका घरात सून, चुलीपाशी बसून बोलायचं. त्यात कसली लाज? भिंत हाताने चाचपायची, भेग दाखवायची, कागद वाचून दाखवायचा. पुढे इंजिनिअर आले की त्यांच्या मागे फिरून विचारायचं. वर्षभरात मामीला गावातली प्रत्येक भिंत पाठ झाली. मग एका सभेत कुणीतरी म्हणालं, अमक्याच्या घराचं काम पुरं झालंय. मामी बसल्या जागेवरून बोलली, "न्हाई झालं. मागल्या भिंतीत एक बी दगड आरपार न्हाई." सगळे वळून बघायला लागले तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण बोललो.

"मग भीती नाही वाटली?"

"वाटली की. पर ती भित खोटी हुती, मला ठाव हुतं."

मला गांधीजी आठवले. लंडनमध्ये शाकाहारी मंडळाच्या सभेत त्यांना लिहून आणलेलं भाषणही वाचवलं नाही, दुसऱ्याने वाचलं. मुंबईच्या कोर्टात पहिल्याच खटल्यात पाय लटपटले आणि फी परत केली. आणि त्याच माणसाने १८९३ मध्ये प्रिटोरियात तिथल्या हिंदी व्यापाऱ्यांपुढे धंद्यातल्या सचोटीवर भाषण केलं. आत्मचरित्रात त्यालाच ते आयुष्यातलं पहिलं जाहीर भाषण म्हणतात. मधल्या काळात त्यांनी सभाधीटपणाचा क्लास लावला नव्हता. बोलण्यासारखं काहीतरी सापडलं होतं, आणि ते स्वतःबद्दलचं नव्हतं. (सगळ्यांनाच हे लागू पडेल असं मी म्हणत नाही. काहींना खरंच डॉक्टर लागतो, आणि त्यात कमीपणा काही नाही.)

एक गोष्ट मात्र लक्षात घ्यायला हवी. या बायकांना आधी धीट बनवून मग कामाला लावलं नाही. तेवढा वेळच नव्हता, डोक्यावर माळवद लटकत होतं. आणि कुणी एकटी नव्हती. माझ्या पोटदुखीच्या काळात मला सगळे 'बिनधास्त बोल' एवढंच सांगायचे. काय बोल, हे कुणी सांगितलं नाही!

पुढे २००१ च्या जानेवारीत कच्छचा भूकंप झाला, तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या बायका तिकडच्या बायकांना भेटायला गुजरातेत गेल्या. २००४ च्या सुनामीनंतर तामिळनाडूतही. मामी गुजरातला गेली होती. भाषा येत नाही, मग बोललीस कशी, असं मी विचारलं, तर तिने गादीवर दोन उशा उभ्या केल्या, वर तिसरी ठेवली आणि खालची एक हळूच ओढली. वरची धपकन पडली. "असं," म्हणाली.

असो. दुसऱ्या दिवशी घरी पूजा होती. बायका मामीच्या मागे लागल्या, उखाणा घ्या, उखाणा घ्या. साठीतली बाई. ग्रामसभेत पावसाळ्याआधी गटारावरून सरपंचाला हैराण करते म्हणे. पदर तोंडाशी धरला आणि माझ्या मागे येऊन लपली.