नव्या जगातील प्राणी खरोखरच खुजे होते काय?

युरोप आणि अमेरिका यांच्यात एकमेकांना नावे ठेवण्याची परंपरा जुनी आहे. अमेरिकन माणूस उथळ, पैशामागे धावणारा आणि बढाईखोर, असे युरोपीय म्हणत आले. युरोपीय माणूस गर्विष्ठ, गतवैभवावर जगणारा आणि सरंजामी वृत्तीचा, असे अमेरिकन म्हणत आले. प्रवासवर्णने, कादंबऱ्या आणि वृत्तपत्रे यांतून ही शेरेबाजी दोनशेहून अधिक वर्षे चालू आहे. पण या वादाचा एक सुरुवातीचा अध्याय निसर्गविज्ञानात घडला, हे फारसे कोणाला माहीत नसते. त्या वादात अस्वलांची वजने होती, हवेतला ओलावा होता आणि सुमारे सात फूट उंचीचे एक मेलेले जनावरही होते. पूर्वग्रहाला विज्ञानाचे रूप कसे मिळते, त्याला उत्तर कसे देता येते आणि उत्तर देणाराही कोठे घसरू शकतो, या तिन्ही गोष्टी या इतिहासात एकत्र पाहायला मिळतात.

ब्यूफाँचे म्हणणे

काउंट द ब्यूफाँ (१७०७–१७८८) हा अठराव्या शतकातील अत्यंत नावाजलेला फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ. १७३९ पासून तो पॅरिसच्या राजोद्यानाचा प्रमुख होता. १७४९ पासून त्याच्या 'नैसर्गिक इतिहास' या ग्रंथाचे खंड प्रसिद्ध होऊ लागले आणि सुशिक्षित युरोपात ते घरोघरी वाचले गेले. १७६१ साली निघालेल्या नवव्या खंडात त्याने जुन्या जगातील (युरोप, आशिया, आफ्रिका) आणि नव्या जगातील (दोन्ही अमेरिका) चतुष्पाद प्राण्यांची तुलना केली.

त्याच्या प्रतिपादनाचा सारांश चार मुद्द्यांत देता येतो. एक, दोन्ही जगांत आढळणारे प्राणी नव्या जगात लहान असतात. दोन, केवळ नव्या जगात आढळणारे प्राणीही आकाराने लहानच आहेत. तीन, युरोपातून तिकडे नेलेले पाळीव प्राणी खुजे होत जातात. चार, नव्या जगात प्राण्यांच्या जातीच मुळात कमी आहेत. याचे कारण त्याने हवामानात शोधले. अमेरिकेची भूमी दलदलीची आणि जंगलांनी झाकलेली आहे, तिथली हवा थंड आणि दमट आहे. अशा ठिकाणी जीवसृष्टी जोमाने वाढू शकत नाही, असे त्याचे मत. तेथील मूळ रहिवासीही दुर्बळ आणि निरुत्साही आहेत, असे त्याने लिहिले. ब्यूफाँ स्वतः कधीही अमेरिकेला गेला नव्हता.

हे सारे निव्वळ कल्पनेचे खेळ होते, असे मात्र समजू नये. अमेरिकेत हत्ती, गेंडा, पाणघोडा, जिराफ यांपैकी एकही प्राणी नाही आणि दक्षिण अमेरिकेतील सर्वांत मोठा रानटी चतुष्पाद म्हणजे टॅपिर, ही निरीक्षणे खरी होती. दोन्ही जगांच्या उष्ण प्रदेशांतले सस्तन प्राणी अगदी वेगवेगळ्या जातींचे आहेत, ही त्याची नोंद तर पुढे प्राणिभूगोल या शास्त्राचा पाया ठरली. निरीक्षणांमधून त्याने काढलेला निष्कर्ष चुकला, आणि तो नेमका तत्कालीन युरोपाच्या आत्मगौरवाला पोषक असा होता.

विधान पसरते तेव्हा

निष्कर्ष एकदा मान्यवराच्या नावाने छापला गेला की त्याच्या मर्यादा गळून पडतात आणि तो अधिक भडक होत जातो. कॉर्नेलियस द पाव या डच लेखकाने १७६८ साली बर्लिनहून प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अमेरिकेच्या मूळ रहिवाशांना जवळजवळ माणसातून उठवले. १७७० साली फ्रान्समधील अ‍ॅबे रेनाल याने आणखी एक पाऊल पुढे टाकले. अमेरिकेत स्थायिक झालेल्या युरोपीयांच्या वंशजांचाही ऱ्हास होतो. म्हणूनच त्या भूमीने अजून एकही चांगला कवी, गणिती किंवा प्रतिभावंत निर्माण केलेला नाही, असे त्याचे म्हणणे. या दोघांनीही अमेरिका पाहिलेली नव्हती. स्वतः ब्यूफाँने मात्र १७७७ च्या पुरवणी खंडात द पावच्या अतिशयोक्तीला विरोध केला आणि उत्तर अमेरिकेतील माणसांबद्दलचे आपले मत बरेच सौम्य केले. पण तोवर मूळ विधान दूरवर गेले होते.

याला स्पॅनिश अमेरिकेच्या मुलखात जन्मलेल्यांनीही उत्तरे दिली. मेक्सिकोत जन्मलेला आणि १७६७ साली तेथून हद्दपार झालेला जेझुइट पाद्री क्लाविहेरो याने इटलीत बसून मेक्सिकोचा प्राचीन इतिहास लिहिला. तो १७८० च्या सुमारास प्रसिद्ध झाला. त्यात त्याने द पावचे मुद्दे एकेक करून खोडून काढले.

उत्तरेकडील इंग्रजी वसाहतींच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ मानापमानाचा नव्हता. १७७६ साली त्यांनी स्वातंत्र्य जाहीर केले होते आणि १७८३ च्या तहाने ते मान्य झाले होते. नव्या प्रजासत्ताकाला युरोपातून कर्ज हवे होते, व्यापार हवा होता, नवे रहिवासी हवे होते. ज्या भूमीत बैलापासून माणसापर्यंत सर्वांचा ऱ्हास होतो, त्या भूमीतल्या राज्याला कोण कर्ज देणार आणि तिथे वस्तीला कोण जाणार?

जेफर्सनचे तक्ते

व्हर्जिनियाचा गव्हर्नर टॉमस जेफर्सन याच्याकडे फ्रेंच वकिलातीचा सचिव बार्बे-मार्ब्वा याने काही प्रश्न पाठवले होते. त्यांची उत्तरे जेफर्सनने १७८१ पासून लिहायला घेतली. त्यांतूनच व्हर्जिनियाविषयीचा त्याचा प्रसिद्ध ग्रंथ तयार झाला. १७८५ साली पॅरिसमध्ये त्याच्या २०० प्रती खाजगीरीत्या छापल्या गेल्या आणि १७८७ साली लंडनमध्ये त्याची जाहीर आवृत्ती निघाली.

जेफर्सनने ब्यूफाँशी शब्दांनी भांडण्याऐवजी तक्ते मांडले. दोन्ही खंडांतील समान प्राणी, केवळ एकाच खंडातील प्राणी आणि दोन्हीकडील पाळीव प्राणी, असे तीन तक्ते. युरोपातील अनेक वजने त्याने ब्यूफाँच्या ग्रंथातूनच घेतली. अमेरिकेतील वजनांसाठी मित्रांना पत्रे लिहिली. जी जनावरे प्रत्यक्ष तोलली होती त्यांच्यापुढे चांदणीची खूण केली. अस्वल : युरोपात १५३.७ पौंड, अमेरिकेत ४१० पौंड. बीव्हर : युरोपात १८.५ पौंड, अमेरिकेत ४५ पौंड. गाय : युरोपात ७६३ पौंड, अमेरिकेत २५०० पौंड. केवळ युरोपात आढळणाऱ्या जाती १८, तर केवळ अमेरिकेत आढळणाऱ्या ७४.

हवामानाच्या मुद्द्यावर त्याने ब्यूफाँलाच साक्षीला उभे केले. बैलांबद्दल लिहिताना ब्यूफाँने म्हटले होते की, हवा जितकी दमट आणि चारा जितका मुबलक तितके बैल अधिक मोठे होतात. मग तोच दमटपणा अमेरिकेत गेल्यावर प्राण्यांना खुजे कसा करील, असा जेफर्सनचा सवाल होता.

रेनालला त्याने त्रैराशिकाने उत्तर दिले. अमेरिकेची लोकसंख्या ३० लाख, फ्रान्सची २ कोटी. अमेरिकेने युद्धात वॉशिंग्टन, भौतिकशास्त्रात फ्रँकलिन आणि खगोलशास्त्रात रिटनहाऊस दिला. या हिशेबाने फ्रान्सकडे प्रत्येक क्षेत्रात असे पाचसहा जण तरी असायला हवेत.

पण जेफर्सनचे तक्तेही तपासून पाहायला हवेत. त्याने अमेरिकेतील गायीचे जे वजन दिले ते सर्वसाधारण गायीचे नव्हे. ते एखाद्या असामान्य जनावराचे म्हणायला हवे. एका बाजूचे सामान्य नमुने आणि दुसऱ्या बाजूचे निवडक दांडगे नमुने शेजारी ठेवले, तर उत्तर आपल्याला हवे तेच मिळणार. शिवाय समान प्राण्यांच्या यादीत त्याने पहिले नाव घातले मॅमथचे! त्याची फक्त हाडे सापडली होती, पण निसर्गात कोणतीही जात समूळ नष्ट होत नाही, अशी जेफर्सनची श्रद्धा होती. तो प्राणी पश्चिमेच्या अज्ञात प्रदेशात कोठेतरी जिवंत असेल, असे तो मानत होता.

जेवणाचे टेबल आणि मूस

याच काळातली एक गोष्ट जेफर्सनने पुढे लिहून ठेवली आहे. पॅरिसजवळ फ्रँकलिनच्या घरी मेजवानी होती. पाहुण्यांत निम्मे अमेरिकन, निम्मे फ्रेंच; त्यांत रेनालही होता. त्याने ऱ्हासाचा विषय काढताच फ्रँकलिनने सर्वांना उभे राहायला सांगितले. योगायोगाने अमेरिकन पाहुणे उंचेपुरे होते, फ्रेंच पाहुणे ठेंगणे आणि रेनाल सर्वांत लहानखुरा. अपवाद असतातच, असे म्हणून रेनालने वेळ मारून नेली. गोष्ट गमतीची आहे. पण तर्काच्या दृष्टीने रेनालचे उत्तर चुकीचे नव्हते. एका टेबलाभोवतीच्या माणसांवरून दोन राष्ट्रांच्या उंचीचा निकाल लावता येत नाही.

१७८४ साली जेफर्सन फ्रान्सला गेला आणि पुढे तेथे अमेरिकेचा राजदूत झाला. जाताना त्याने अमेरिकन प्यूमाचे एक भले मोठे कातडे बरोबर नेले आणि ते ब्यूफाँकडे पोचवले. ब्यूफाँने त्याला जेवायला बोलावले. आमच्याकडच्या मूसच्या पोटाखालून तुमचे रेनडिअर सहज चालत जाईल, असे जेफर्सनने त्याला सांगितले. ब्यूफाँचा विश्वास बसला नाही. मूस हे हरणांच्या कुळातले सर्वांत मोठे जनावर. आपल्याकडचे सांबर त्याच्यापुढे लहान दिसावे एवढे.

जेफर्सनने न्यू हॅम्पशायर राज्याचा प्रमुख जनरल जॉन सलिव्हन याला मूस पाठवण्याची विनंती केली. १७८७ च्या हिवाळ्यात व्हरमाँटच्या बर्फात शिकार झाली. सुमारे वीस माणसांनी बर्फातून वाट काढत दोन आठवडे ते धूड ओढून आणले. त्याची मूळ शिंगे पाठवता आली नाहीत. म्हणून सलिव्हनने दुसऱ्या मूसची शिंगे सोबत दिली. एकूण खर्च सुमारे ४६ पौंड आला. जहाजातून कातडे पॅरिसला पोचेपर्यंत त्याचे केस झडू लागले होते. तरीही १ ऑक्टोबर १७८७ रोजी जेफर्सनने ते सांगाडा, शिंगे आणि एका दिलगिरीच्या पत्रासह ब्यूफाँकडे रवाना केले. ब्यूफाँ तेव्हा आजारी होता. पुढच्या खंडात दुरुस्ती करण्याचे त्याने कबूल केले होते, असे जेफर्सन म्हातारपणी सांगत असे. १६ एप्रिल १७८८ रोजी ब्यूफाँचे निधन झाले आणि ती दुरुस्ती छापली गेली नाही.

आज काय दिसते?

आज मागे वळून पाहता दोन्ही बाजूंना न दिसलेली गोष्ट दिसते. अमेरिकेत प्रचंड प्राणी होते : मॅमथ, मास्टोडॉन, जमिनीवर राहणारे महाकाय स्लॉथ. सुमारे दहा ते तेरा हजार वर्षांपूर्वी ते नष्ट झाले. त्यामागे बदलते हवामान किती आणि माणसाने केलेली शिकार किती, यावर अजून वाद आहे. घोड्याचा वंश तर मुख्यतः उत्तर अमेरिकेतच उत्क्रांत झाला, तिथून आशियात पसरला, मायभूमीत नामशेष झाला आणि स्पॅनिश जहाजांतून पुन्हा तेथे गेला. म्हणजे ब्यूफाँला दिसलेली उणीव खरी होती, पण तिचे कारण भूमीच्या निकृष्टतेत नव्हते. दुसरीकडे, फ्रेंच शास्त्रज्ञ क्यूव्हिए याने १७९६ पासून हाडांच्या अभ्यासाने प्राणी नामशेष होतात हे दाखवून दिले आणि जेफर्सनचा मॅमथही इतिहासजमा झाला.

जेफर्सनची आणखी एक चूक याहून गंभीर आहे. ज्या ग्रंथात त्याने अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या बुद्धीची आणि वक्तृत्वाची बाजू घेतली, त्याच ग्रंथात कृष्णवर्णीय लोक बुद्धीने कमी असावेत, असा संशयही त्याने लिहून ठेवला. हयातीत त्याच्या मालकीचे ६०० हून अधिक गुलाम होते. लोकसंख्या आणि परिस्थिती लक्षात घेऊनच प्रतिभेचा हिशेब करावा, असे रेनालला सुनावणाऱ्या जेफर्सनने तो न्याय या लोकांना लावला नाही.

१७९१ साली बेंजामिन बॅनेकर या स्वतंत्र कृष्णवर्णीयाने जेफर्सनला आपले हस्तलिखित पंचांग पाठवले. खगोलगणित तो स्वतःच्या प्रयत्नाने शिकला होता. सोबतच्या पत्रात त्याने स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातील समतेची जेफर्सनला आठवण करून दिली. जेफर्सनने सौजन्याने उत्तर दिले आणि पंचांग पॅरिसच्या विज्ञान अकादमीचा सचिव काँदोर्से याच्याकडे पाठवल्याचे कळवले. १८०८ साली अ‍ॅबे ग्रेग्वार या फ्रेंच धर्मगुरूने कृष्णवर्णीय लेखकांच्या आणि विद्वानांच्या कर्तृत्वावर ग्रंथ लिहून तो जेफर्सनला भेट दिला. आता पुरावा मांडणारा युरोपीय होता आणि संशय घेणारा अमेरिकन! जेफर्सनने ग्रेग्वारचे आभार मानले. पण १८०९ मध्ये एका मित्राला लिहिलेल्या पत्रात बॅनेकरला गणितात दुसऱ्या कोणाची मदत असावी, अशी शंका व्यक्त केली. एका अस्वलाचे वजन त्याला पुरावा म्हणून पुरले होते. एका माणसाचे गणित पुरले नाही.

वर्गात काय करता येईल?

आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी हा विषय सोपा करता येतो. वर्गातील सर्वांची उंची मोजून घ्यावी. मग दोन गट करून एका गटातील सर्वांत उंच तिघांची दुसऱ्या गटाच्या सरासरीशी तुलना करावी. नंतर दोन्ही गटांची सरासरी काढून पुन्हा तुलना करावी. जेफर्सनच्या तक्त्यात काय घडले ते मुलांना आपोआप कळेल.

दुसरा प्रश्न तर्काचा. "सर्व समान प्राणी अमेरिकेत लहानच असतात" हे विधान खोटे ठरवायला एक मूस पुरतो काय? "बहुतेक प्राणी लहान असतात" हे खोटे ठरवायला किती प्राणी लागतील? पहिल्यासाठी एक विरोधी उदाहरण पुरेसे आहे. दुसऱ्यासाठी नमुन्यांची रीतसर निवड करावी लागते.

आणि तिसरे. दुसऱ्या गावाबद्दल, जातीबद्दल किंवा प्रांताबद्दल आपण सहज ऐकतो अशी दोनतीन विधाने मुलांनी वहीत लिहावीत. प्रत्येकापुढे तीन प्रश्न मांडावेत : हे कोणी प्रत्यक्ष पाहिले? किती वेळा पाहिले? हीच कसोटी मी माझ्या माणसांना लावीन काय? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेकांची लेखणी थोडी थांबते. तेथेच शिक्षकाने चर्चेला सुरुवात करावी.