अक्को : शहराखालचे शहर

कैरोच्या जुन्या भागात सुलतान अल्-नासिर मुहम्मदचा मदरसा आहे. भोवती सगळी मामलुक घडण आणि प्रवेशद्वार मात्र युरोपातल्या एखाद्या चर्चला शोभावे असे, संगमरवरी गॉथिक कमानीचे. ही कमान कैरोत घडलेली नाही. १२९१ मध्ये अक्को पडले, तेव्हा तिथल्या चर्चमधून ती विजयचिन्ह म्हणून आणली गेली.

अक्को (अरबीत अक्का, इंग्रजीत एकर) हे भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरचे, आजच्या इस्राएलच्या उत्तरेचे बंदर. ११०४ मध्ये क्रुसेडरांनी ते जिनोआच्या आरमाराच्या मदतीने जिंकले. ११८७ मध्ये सलाउद्दीनने परत घेतले आणि जवळजवळ दोन वर्षांच्या वेढ्यानंतर ११९१ मध्ये ते पुन्हा क्रुसेडरांच्या हाती गेले. त्यानंतर इंग्लंडच्या रिचर्डने अडीच हजारांहून अधिक कैद्यांची कत्तल केली. ‘सिंहहृदयी’ राजाच्या शौर्यकथांत हे प्रकरण सहसा एका ओळीत आटोपते.

जेरुसलेम हातचे गेले होते, म्हणून पुढची शंभर वर्षे ‘जेरुसलेमच्या राज्या’ची राजधानी अक्कोच होती. व्हेनिस, जिनोआ आणि पिसा यांचे इथे स्वतंत्र मोहल्ले होते. १२५६ पासून व्हेनिस आणि जिनोआचे व्यापारी याच गल्ल्यांत एकमेकांविरुद्ध लढले; शत्रू दाराशी येण्याआधीच शहर आतून पोखरले गेले होते. १८ मे १२९१ रोजी मामलुक सैन्य आत शिरले. समुद्रकाठचा टेम्प्लरांचा किल्ला आणखी दहा दिवस टिकला, मग सुरुंगांनी ढासळला. युरोपीय आरमारांना पुन्हा आसरा मिळू नये म्हणून मामलुकांनी शहर उद्ध्वस्त केले.

ते पुन्हा उभे राहिले अठराव्या शतकात, कापसाच्या व्यापारावर. झाहिर अल्-उमरने तटबंदी बांधली. त्याच्यानंतर १७७५ मध्ये अहमद अल्-जझ्झार आला. हा मूळचा बोस्नियाचा. जझ्झार म्हणजे खाटीक, आणि हे नाव त्याने सार्थ केले. हाईम फर्ही या आपल्या यहुदी खजिनदाराचा त्याने एक डोळा फोडला होता, तरीही कारभार फर्हीच पाहत राहिला. याच जझ्झारने १७८१ मध्ये हिरव्या घुमटाची देखणी मशीद उभारली. खान अल्-उम्दान या त्याच्या सराईचे ग्रॅनाइटचे खांब किनाऱ्यावरच्या कैसरियाच्या भग्नावशेषांतून आणलेले आहेत.

मार्च १७९९ मध्ये नेपोलियन अक्कोच्या तटाशी येऊन ठेपला. त्याच्या जड तोफा इजिप्तहून समुद्रमार्गे येत होत्या. इंग्रज नौदलाच्या सिडनी स्मिथने त्या वाटेतच पकडल्या आणि फ्रेंचांवरच रोखल्या. तटाची डागडुजी करणारा अभियंता फेलिपो हा फ्रेंच राजनिष्ठ होता, लष्करी शाळेतला नेपोलियनचा सहाध्यायी. त्यात छावणीत प्लेग शिरला. २० मे रोजी वेढा उठला.

या मोहिमेचा एक धागा भारतापर्यंत पोहोचतो. जानेवारीत नेपोलियनने टिपू सुलतानाला मदतीची ग्वाही देणारे पत्र धाडले होते. ते इंग्रजांच्या हाती लागले. ४ मे रोजी श्रीरंगपट्टण पडले आणि टिपू मारला गेला, तेव्हा नेपोलियनची फौज अजून अक्कोच्याच तटाला धडका देत होती.

जझ्झारकालीन गढीखाली हॉस्पिटलर योद्धा-संन्याशांची प्रचंड दालने आहेत. उस्मानी बांधकामासाठी ती मातीने भरून घेतली गेली आणि त्या भरावानेच ती टिकवली. वरच्या गढीचा पुढे तुरुंग झाला. १८६८ मध्ये बहाई धर्माचे संस्थापक बहाउल्लाह इथे कैदेत आले. ब्रिटिश काळात इथेच फाशीचे तख्त होते. १९५० च्या दशकापासून खालची माती उपसली जाऊ लागली आणि जाड खांबांचे भोजनगृह पुन्हा उजेडात आले. २००१ मध्ये युनेस्कोने जुन्या अक्कोला जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्याचे एक कारण हेच की, क्रुसेडकालीन शहर आजच्या रस्त्यांच्या खाली आणि वर, दोन्हीकडे शिल्लक आहे.

मात्र हे शहर रिकामे संग्रहालय नव्हे. मे १९४८ मध्ये ते हागानाच्या ताब्यात गेले आणि बहुसंख्य अरब रहिवासी परागंदा झाले. तरीही तटाच्या आत आज मुख्यतः अरब कुटुंबेच राहतात. खान अल्-उम्दानचे हॉटेल करण्याच्या योजनेला त्यांनी विरोध केला, कारण वारसा सजला की घरभाडी आणि घरमालक दोन्ही बदलतात, ही त्यांची भीती. १९९४ मध्ये अशाच वस्तीत तुंबलेल्या सांडपाण्याच्या वाहिनीचे कारण शोधताना टेम्प्लरांचा, किल्ल्यापासून बंदराकडे जाणारा सुमारे ३५० मीटरचा भुयारी मार्ग सापडला. त्यातून आज पर्यटक चालतात. वर घरे आहेत, नांदती.